भरदिवसा वाचलेल्या गोष्टी

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "ग्रंथसेवेच्या आठवणी लिहा. जरा प्रेरणादायी असू द्या." मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं, की मी सेवा केलेली नाही, नोकरी केली, आणि या वयात कुणाला प्रेरणा द्यायची माझी इच्छा नाही. तरीही लिहा म्हणाले. तेव्हा आता जे येईल ते त्यांनी मुकाट्यानं छापावं.

माझं वाचनालय तिरोडा तालुक्यातल्या एका गावात. गावाच्या कुठल्याही कोपऱ्यातून वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात आणि वाचनालयातली लाइट मात्र दुपारी हटकून जाते. एक लांब खोली, लोखंडी कपाटं, वर्तमानपत्रांचं टेबल आणि पुढे उत्तरेकडे तोंड केलेली ऐसपैस ओसरी. तिला आमच्याकडे सपरी म्हणतात. ही सपरी लक्षात ठेवा. सगळं भांडण तिच्यावरून सुरू झालं.

ग्रंथपाल दिवसभर पंख्याखाली वाचत बसते, अशी लोकांची समजूत आहे. माझी सख्खी नणंदसुद्धा तसंच समजायची. प्रत्यक्षात पुस्तक आलं की शिक्के मारा, दाखल नोंदवहीत चढवा, पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवा, ती चिठ्ठी दमट हवेत सुटली की पुन्हा चिकटवा. पावसाळ्यात कपाटामागे हात घालून उधळी, म्हणजे वाळवी, लागली का ते चाचपा. कुणी पुस्तक नेलं आणि मुलीच्या सासरी पाठवून दिलं, तर त्या सासरी निरोप धाडा. एक निवृत्त गुरुजी होते, ते फक्त रहस्यकथा न्यायचे आणि परत करताना पहिल्या पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहायचे. पुढच्या माणसाचा वेळ वाचावा म्हणून! मी खोडरबरानं खोडायची, ते आठवड्यानं येऊन तपासायचे. शेवटी मी त्यांना सांगितलं, गुरुजी, आता पुढचा खून माझ्या हातून होईल आणि तो पहिल्याच पानावर होईल. त्यानंतर ते जरा नरमले.

याशिवाय एक काम असतं, त्याला निर्लेखन म्हणतात. फाटलेली, उधळीनं खाल्लेली, कुणीच नेत नसलेली पुस्तकं वेगळी काढायची, समितीसमोर टेबलावर मांडायची, समितीनं मान डोलावली की ती वाचनालयातून कायमची बाद. हे काम मला कधीच आवडलं नाही. पण त्यातली एक खोच पुढे माझ्या कामाला आली.

सपरीत बिड्या बांधणाऱ्या बाया बसायच्या. त्यांची घरं टिनाची, उन्हाळ्यात आत बसवत नाही, आणि आमची सपरी थंडगार. मांडीवर सूप, सुपात भिजवलेला तेंदूपत्ता आणि तंबाखू. पत्ता फर्म्याच्या मापानं कापायचा, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायची, तोंड दुमडायचं, धागा गुंडाळायचा. बोटं इतकी सरावलेली, की डोळ्यांना काम नसे. कानांना तर मुळीच नसे.

एका वर्षी सरकारी खरेदीच्या खोक्यातून एक जाडजूड पुस्तक आलं. देशोदेशींच्या अद्भुत कथांचा अनुवादित संग्रह. नाव मुद्दाम देत नाही, कारण आता प्रती मिळत नाहीत आणि मग लोक मलाच फोन करतात. ते कुणी नेईना. मुखपृष्ठावर पंख असलेला मासा होता, तो पाहून गुरुजी म्हणाले, हे लहान मुलांचं. लहान मुलं म्हणाली, हे फार जाड. म्हणून दुपारच्या सामसुमीत मीच वाचायला घेतलं. एका गोष्टीत एक राजा आपली सावली धुवायला परटाकडे देतो आणि परीट ती उन्हात वाळत घालतो, मग ती सापडेचना. मला हसू फुटलं.

खिडकीतून सुनीतानं विचारलं, "काऊन एकटीच हासून रायली वो बाई?"

सुनीता म्हणजे त्या बायांची म्होरकी. हात सगळ्यांत वेगवान, तोंड त्याहून. मी म्हटलं, थांब, वाचून दाखवते. खुर्ची दारात ओढली आणि पहिलं वाक्य वाचलं तोच सगळ्यांत म्हातारी जयबाई सूप घेऊन उठली.

"दिवसा गोष्ट आयकू नये. मामा रस्ता भुलते."

इकडच्या वाचकांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे गोष्टी दिवे लागल्यावर. दिवसा सांगितली, तर ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो, असं लहानपणापासून प्रत्येकाच्या कानावर असतं. मला ते माहीत होतं, पण शिकलेल्या माणसाला अशा गोष्टी सोयीनं विसरायची सवय असते.

मग जी चर्चा झाली तशी मी कुठल्या परिसंवादात ऐकलेली नाही. एक म्हणाली, "माहा मामा त कधीचाच मेला. तो आता कोठं भुलन? मी आयकतो." दुसरी म्हणाली, "माह्या मामानं आमची वावराची धुरी कोरली. भुलू दे." धुरी म्हणजे शेताचा बांध. तिसरीला मामाच नव्हता, ती एकदम मानाची झाली. पण जयबाईनं मुद्दा काढला, की तुमचे मामा गेले असतील, पण आईनं ऐकलेलं पोरांनाही लागतं, आणि तुमच्या पोरांचे मामा कोण? तुमचे भाऊच ना? तेव्हा सगळ्या सुनीताकडे बघायला लागल्या. शेवटी सुनीता म्हणाली, "आजी, बाई गोष्ट सांगून नाही रायली, वाचून रायली. सांगनाऱ्याले दोष लागते, कागदाले कायचा दोष?" जयबाईनं थोडा विचार केला, खाली बसली, आणि अंग भिंतीकडे वळवून घेतलं. म्हणजे आपण ऐकत नाही, फक्त बसलो आहोत.

असं आमचं सुरू झालं. रोज दुपारी एक गोष्ट. मोठी असली तर दोन-तीन दुपारी पुरायची.

अनुवाद जरा करकरीत होता. हिमवर्षाव, ओक वृक्ष, अग्निस्थान, असले शब्द. मी हुशारी केली. ओकच्या जागी मोहाचं झाड घातलं, अग्निस्थानाची चूल केली आणि डोंगराचं नाव बदलून टाकलं. सुनीताचे हात थांबले.

"मोहाखाली बरफ कसा पडन वो?"

मी कबूल केलं, की पुस्तकात मोह नाही, दुसरंच झाड आहे, मी तुमच्यासाठी बदललं. तर ती चिडलीच. "आमच्यासाठी कायले? मोह त आमी रोज पायतो. जे लिवलं हाये तेच वाच. नाई समजलं त इचारू." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. त्या दिवसापासून मी एकही शब्द बदलला नाही. सपरीत ओक आला, बर्फ आला, बोलणारी विहीर आली, आणि कुणाला त्यात काही जड गेलं नाही. जड गेलं ते आमच्या समितीच्या अध्यक्षांना.

अध्यक्ष राइस मिलवाले. मूळचे गोंदिया शहराकडचे, बोलणं निम्मं हिंदीत. माणूस वाईट नव्हता, छपराचे टिन त्यांनीच स्वतःच्या गाडीनं आणून दिले होते. पण वाचनालयाचा दर्जा वाढवायचा त्यांनी ध्यास घेतला होता आणि तपासणीला साहेब यायचे होते. "देखो बाई," ते म्हणाले, "ये वाचनालय है या बिडी कारखाना? साहब आएंगे तो क्या बोलेंगे?" मी म्हटलं, "अध्यक्षसाहेब, आत टेबलापाशी पुरुष पेपर वाचता वाचता बिडी ओढतात. ओढणारा चालतो आणि बांधणारी चालत नाही, असं कुठे लिहिलंय?" ते सपरीची लांबी पावलांनी मोजत बाहेर पडले. सपरीला लोखंडी जाळी आणि कुलूप लावायचं त्यांच्या मनानं घेतलं होतं, हे मला कळलं.

तेवढ्यात सुनीताच्या मुलीचं लग्न निघालं. त्याच सुमारास आम्ही संग्रहातली एक लांब गोष्ट सुरू केली होती. बर्फाच्या देशातली एक बाई. तिच्या घराला दर हिवाळ्यात एक नवं दार फुटतं. काल जिथे भिंत होती तिथे सकाळी दार. गावकरी म्हणतात, विटा लावून बुजवून टाक. ती बुजवत नाही. एका हिवाळ्यात तिचा भाऊ भेटायला येतो, आणि जाताना नेहमीच्या दारानं न जाता नव्या दारानं बाहेर पडतो. इथपर्यंत वाचलं आणि लग्नाची गडबड सुरू झाली. बाया हळद कुटायला, पापड लाटायला सुनीताकडे गेल्या. गोष्ट अर्ध्यावर राहिली.

सुनीताचा एकुलता एक भाऊ झनकलाल. सालेकशाकडचा. लग्नाच्या आदल्या दिवशी तो निघाला, भाचीसाठी आहेराचं लुगडं पिशवीत घेऊन. गोंदियाला गाडी बदलायची आणि तिरोड्याला उतरायचं, एवढंच. तो उतरलाच नाही. फोन लागेना. पोरं मोटारसायकलवर गोंदियाला गेली, सगळे फलाट पाहून आली. हळद मामाविना लागली. लग्नात नवरीला मामानं मंडपात आणायचं असतं, आणि मामाच गायब.

आणि गावाला उत्तर सापडलं. मामा वाट भुलला होता. कारण उघड होतं. वाचनालयातली बाई दिवसाढवळ्या गोष्टी वाचते.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखं वाचनालय उघडायला गेले, तर अध्यक्ष दोन सदस्यांना घेऊन सपरीत उभे. "गाव में बोंब हो रही है," ते म्हणाले. "ते पुस्तक काढा. आजच बाद करा. आणि हे वाचणं बंद." मी विचारलं, कोणत्या नियमानं? पुस्तक फाटलं असेल तर बाद करता येतं, उधळीनं खाल्लं असेल तर करता येतं. मामा हरवला म्हणून पुस्तक बाद करायचा नियम मला दाखवा, मी आत्ता शिक्का मारते. अध्यक्षांच्या कपाळावर घाम होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हा गृहस्थ स्वतः गोतावळ्यातल्या ढीगभर पोरांचा मामा आहे, आणि मिलमधून येता-जाता कित्येक दुपारी यानं सपरीच्या कडेला थांबून गोष्टी ऐकल्या आहेत. आता पुढची पाळी आपली, म्हणून तो घाबरला होता. पण घाबरलेल्या माणसाच्या हाती मी पुस्तक देणार नव्हते. नोकरी गेली तर गेली, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

एवढ्यात रस्त्यानं सुनीता आली. कोपरापर्यंत हात हळदीनं पिवळे, डोळे सुजलेले. बरोबर जयबाई. मला वाटलं, ही आता मला बोल लावणार. लावला असता तरी मी काय म्हणणार होते?

सुनीता पायरीवर बसली. "बाई, तिचा भाऊ त्या नव्या दरवाज्यानं गेला. त्याच्या पुढं का झालं?"

मी कपाटाच्या किल्ल्या मुठीत झाकल्या. कारण पुढे काय झालं ते मी घरी वाचलेलं होतं.

"सुनीता, आज नको."

"आजच," जयबाई म्हणाली. "दिवसा आयकू नये, म्या सांगतलं होतं. तुमी आयकली. आता अर्धी ठेवू नये. अर्धी ठेवली का मामा अर्ध्या रस्त्यात उभा रायते. पुरी वाच."

हा दुसरा नियम मी जन्मात ऐकला नव्हता. आईकडून नाही, सासूकडून नाही. मला आजही वाटतं, की तो जयबाईनं त्या पायरीवर उभ्याउभ्या केला. मी तिला कधी विचारलं नाही.

अध्यक्ष म्हणाले, "अरे म्हातारे, दिवसा नको, ये तो तूच..." सुनीतानं त्यांना पुढे बोलू दिलं नाही. "का जी, भाऊ माहा हरपला हाये, तुमचा नाई. वाचू द्या तिले."

मी कपाट उघडलं, पुस्तक काढलं, खुर्ची दारात ओढली आणि वाचायला लागले. शेवटची पानं जवळ आली तसा मनात एकच विचार. एक वाक्य बदललं तर कुणाला कळणार आहे? भाऊ परत आला, असं म्हटलं की झालं. तिच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं. पण जे लिहिलंय तेच वाच, असं मला याच बाईनं बजावलं होतं. आपल्यासाठी कुणी काही सोपं करावं, हे तिला तेव्हा आवडलं नव्हतं. आज दुःखात आहे म्हणून मी तिला लहान मूल समजायचं का?

मी होतं तसं वाचलं. भाऊ परत येत नाही. हिवाळे जातात. बाई प्रत्येक दाराच्या बिजागरीला तेल घालते. लोक म्हणतात, वेडी आहे, थंडीनं मरेल. शेवटी घराला भिंत अशी उरतच नाही. सगळी दारंच, आणि सगळी उघडी. तिथे गोष्ट संपते.

सुनीतानं पदरानं तोंड पुसलं, हळद गालाला लागली.

"म्हंजे तिनं एकबी दरवाजा बंद नाई केला?"

"नाही केला."

"मंग बराबर हाये." ती उठली. "चाल आजी, मांडव रिकामा पडला हाये. बाई, संध्याकाळी लग्नाले येजो."

त्या गेल्या. अध्यक्ष तिथेच उभे. मग म्हणाले, "ये क्या कहानी है? आदमी तो आया ही नहीं." म्हणजे शेवटपर्यंत ऐकलं होतं.

झनकलाल दुपारी आला. पिशवी छातीशी धरून, ओशाळलेला. गोंदियाला तो बालाघाटच्या गाडीत जाऊन बसला, उकाड्यानं डोळा लागला, जाग आली तेव्हा भलत्याच स्टेशनवर. परतीची गाडी निघून गेलेली, फोनची बॅटरी संपलेली, आणि सुनीताचा नंबर फोनमध्ये होता, डोक्यात नव्हता. सकाळच्या गाडीनं परत आला. संध्याकाळी त्यानं भाचीला मंडपात आणलं तेव्हा अर्धा मांडव नवरीऐवजी मामाकडेच बघत होता.

गावात दोन पक्ष पडले. एक म्हणे, दिवसा गोष्ट वाचली म्हणून मामा भुलला. दुसरा म्हणे, ती पुरी वाचली म्हणून आला. मी दोघांनाही सांगितलं, की तो बालाघाटच्या गाडीत बसला म्हणून हरवला आणि परतीच्या गाडीत बसला म्हणून आला. हे मात्र कुणालाच पटलं नाही.

सपरी मी वाचवू शकले नाही. याची खंत आहे आणि राहील. तपासणीच्या आधी जाळी बसली, कुलूप लागलं, आता तिच्यामागे मोटारसायकली उभ्या असतात. बाया जयबाईच्या घरच्या टिनाच्या सपरीत गेल्या. पुस्तकही अध्यक्षांनी बाद करायच्या यादीत घेतलं. कारण लिहिलं, वाचकांची मागणी नाही. आता ती खोच सांगते. बाद करायचं पुस्तक समितीसमोर टेबलावर ठेवावं लागतं, आणि जे वाचकानं घरी नेलेलं आहे ते टेबलावर कसं येणार? मी सुनीताला वाचनालयाची सभासद केलं. तिनं पुस्तक घरी नेलं. मुदत संपायच्या दिवशी आणून दिलं, तिथेच दुसरीच्या नावावर चढलं. मग तिसरीच्या. बिड्या बांधणाऱ्या सगळ्या बाया रीतसर सभासद झाल्या. समिती बसली की मी सांगायची, साहेब, या पुस्तकाला फार मागणी आहे, परत येतच नाही. अध्यक्ष माझ्याकडे बघायचे, मी छताच्या टिनांकडे बघायची. मी निवृत्त झाले तेव्हा नव्या ग्रंथपालाला कपाटांच्या किल्ल्यांबरोबर ही पाळीसुद्धा सोपवली. ती अजून चालू आहे.

आता बिडीचं काम कमी झालंय, बायाही थोड्या उरल्यात. पण मी दुपारी जयबाईच्या सपरीत जाते. यंदा उन्हाळ्यात झनकलाल बहिणीकडे आला होता. तोही येऊन बसला. म्हणाला, "बाई, ज्या गोष्टीनं मी भुललो म्हनते, ते मले आयकाची हाये." मी पूर्ण वाचली. तो चित्त देऊन ऐकत होता. संपल्यावर विचारलं, "तो काऊन नाई आला?"

"पुस्तकात तसंच लिहिलंय."

त्यानं सुपातला एक पत्ता उचलून उलटसुलट केला. मग बहिणीकडे बघून म्हणाला, "तिच्या घराले मायंदाळ दरवाजे. कोनत्या दरवाज्यानं आत जावं, थो भुलला असन. आमच्या सुनीताच्या घराले एकच हाये, म्हनून मले सापडला."

सुनीतानं त्याच्या अंगावर तेंदूपत्त्याचं एक देठ फेकलं. मग डोळे पुसले आणि मला म्हणाली, "दुसरी वाच."

भर दुपार होती. ज्यांना आपापल्या मामांची काळजी असेल, त्यांनी त्यांच्या फोनची बॅटरी भरलेली आहे का तेवढं पाहावं. मी पान उलटलं आणि पुढची गोष्ट वाचायला घेतली.